चोवीस दिवस घर बंद आणि आत तीन खेकडे

बाबांची पंचाहत्तरी २७ डिसेंबर २०२२ ला पुण्यात करायची ठरली होती, सगळी भावंडं जमणार होती, त्यामुळे आमची तिकिटं जूनमध्येच काढून झाली. १५ डिसेंबरला नेवार्कहून निघायचं, ८ जानेवारीला परत. तिकिटं काढली तेव्हा आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं आणि एक तुळस एवढेच जीव होतो. तुळस दर वेळी मैत्रिणीकडे जाते, प्रश्न मिटतो. मग ऑगस्टमध्ये खेकडे आले.

२० ऑगस्टला जर्सी शोअरला गेलो होतो, तिथल्या बोर्डवॉकवर एका स्टॉलवर पाटी होती, पिंजरा घ्या, हर्मिट क्रॅब फुकट. ‘फुकट’ वाचलं की आमच्या घरात तिघांचंही डोकं बंद पडतं. ओवीला (वय नऊ) एक घेतला, मग तो एकटा कसा राहणार म्हणून आणखी तीन, असे चार शंखातले खेकडे, एक तारेचा पिंजरा, एक स्पंज आणि रंगीत खड्यांची पिशवी घेऊन घरी आलो. नावं मोदक, बटाटा, शेंगदाणा आणि चिंच. नवरा मूळचा गुहागरचा, तो म्हणाला आमच्याकडे असले किनाऱ्यावर ढिगाने पळत असतात, मी आयुष्यात पहिल्यांदा शंखाचे पैसे दिले.

स्टॉलवाल्या मुलाने सांगितलं होतं की स्पंज ओला ठेवा, बस. आम्ही ठेवला. ८ सप्टेंबरला चिंच मेली. घरात सडलेल्या मासळीचा वास सुटला तेव्हा कळलं. ओवी दोन दिवस नीट जेवली नाही. मी रात्री बसून वाचायला लागले आणि जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं असं प्रत्येक ओळीला वाटत गेलं. हे खेकडे जमिनीवर राहतात खरे पण श्वास घेतात कल्ल्यांनीच, आणि कल्ले ओले असतील तरच हवेतला ऑक्सिजन आत जातो. आजूबाजूच्या हवेत ७५ ते ८५ टक्के आर्द्रता लागते. आमच्या घरात एसी चालू, आर्द्रता पंचेचाळीसच्या आसपास, आणि तारेचा पिंजरा म्हणजे चारी बाजूंनी उघडा. चिंच तहानेने नाही, हळूहळू गुदमरून गेली. समोर ओला स्पंज असताना.

त्या आठवड्यात सगळं बदललं. कुणीतरी जुना विकायला काढलेला २० गॅलनचा काचेचा टँक २५ डॉलरला मिळाला. हार्डवेअरच्या दुकानातून मापाची काच कापून आणली झाकणासाठी, १८ डॉलर. मुलांच्या खेळायची वाळू आणि नारळाच्या भुश्याच्या विटा मिळून १८ डॉलर, पाच भाग वाळू आणि एक भाग भुसा, तळाला आठ इंचांचा थर. ओली किती करायची याचं उत्तर सगळीकडे वाळूच्या किल्ल्याइतकी असं दिलेलं असतं. मी सांगते, बेसनाच्या लाडवाइतकी. मूठ वळली पाहिजे, टिकली पाहिजे, आणि दाबल्यावर बोटांतून पाणी गळता कामा नये. गळलं तर सुकं आणखी घाला.

पाण्याची भांडी दोन लागतात, एक गोड्या पाण्याचं आणि एक खाऱ्या. हे पाणी ते नुसतं पीत नाहीत, शंखात भरून ठेवतात आणि आपल्याला हवं तसं खारट-गोडं करून घेतात. खारं म्हणजे आपलं स्वयंपाकाचं मीठ घालून नाही हं, मत्स्यालयासाठी जे समुद्री मीठ मिळतं ते, गॅलनला साधारण अर्धा कप. आणि नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं ही आपली समजूत, पण बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामिन असतं आणि ते असं उडून जात नाही, त्यामुळे ते मारायचं औषध थेंबभर घालावंच लागतं. मीठ आणि औषध १७ डॉलर. हीट मॅट आणि तिचा थर्मोस्टॅट ३८ डॉलर, ती मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या वर लावायची, खाली लावली तर वाळूत शिरलेला खेकडा भाजून निघेल. स्पंज फेकून दिला.

सगळं स्थिरस्थावर झालं आणि १९ ऑक्टोबरला शेंगदाणा वाळूत गेला. कात टाकायला. कात टाकताना हे संपूर्ण खाली गाडून घेतात, काही आठवडे ते काही महिने, अंग मऊ असतं, टाकलेली कात स्वतःच खातात आणि त्या काळात उकरून काढलं तर बहुधा मरतात. म्हणजे डिसेंबरात टँक उचलून कुणाच्या घरी नेऊन ठेवायचा पर्याय तिथेच संपला. दीडशे पौंडांची वाळू हलवली की आतला बोगदा कोसळणार.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर घेऊन ये, डब्यात घालून. मी म्हटलं अगं आई, कस्टमवाल्याला काय सांगू, मोदक आहे म्हणून?

मग पेट सिटर शोधले. एकीने २२ डॉलर एका फेरीचे सांगितले, सहा फेऱ्या धरल्या तर १३२. पण तिने विचारलं, स्प्रे दिवसातून किती वेळा मारायचा, आणि तिथेच माझा धीर सुटला. शेवटी शेजारच्या बांना विचारलं. बा म्हणजे समोरच्या दारातल्या गुजराती आजी, वय सत्तरच्या पुढे, मुलगा-सून नोकरीवर, त्या दिवसभर घरी. त्यांनी लगेच हो म्हटलं, फक्त एक अट घातली, पानी दूँगी, झींगा नहीं छुऊँगी. खेकड्यांना सुकी कोळंबी आवडते, आम्ही अधूनमधून बिनमिठाची सुकट घालतो. तर बांसाठी शाकाहारी पुड्या केल्या, ओकची वाळकी पानं, बिनमिठाचे अक्रोड, वाळवलेलं गाजर, समुद्री शेवाळ, प्रत्येक पुडीवर तारीख. पुडी चिमूटभरच ठेवा, इतक्या दमट जागेत जास्तीचं खाणं दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं.

आता आमच्या कॉम्प्लेक्सच्या ऑफिसची भानगड. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तुम्ही दोन आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर असाल तर कळवावं लागतं आणि आत येणाऱ्या माणसाचा फॉर्म भरावा लागतो. मला वाटलं बा समोरच राहतात, त्यांना काय फॉर्म. तर बांचं नाव त्यांच्या मुलाच्या लीजवर नव्हतं. म्हणजे त्या बाहेरच्या. त्यांच्या आयडीची झेरॉक्स, आमच्या दोघांच्या सह्या, येण्याच्या तारखा, हे सगळं आठवड्याच्या दिवशी नऊ ते पाच या वेळेतच. ३ नोव्हेंबरला पहिल्यांदा गेले तर बाईंनी फॉर्म वाचता वाचता विचारलं, कशासाठी येणार त्या? मी भोळेपणाने सांगितलं, पाळीव प्राणी आहेत. झालं. पाळीव प्राण्याचं वेगळं परिशिष्ट, त्याचे पैसे, तुमचं भरलेलं नाही. मी म्हटलं खेकडे आहेत. त्या म्हणाल्या मॅनेजरला विचारते. नऊ दिवसांनी ईमेल आलं की २० गॅलनपर्यंतच्या टँकला पैसे पडत नाहीत, पण टँकचा फोटो जोडा. फोटो जोडला. तिसऱ्या खेपेला, १६ नोव्हेंबरला, शिक्का. जाता जाता कळलं की २० डिसेंबरला धुराच्या अलार्मची तपासणी आहे, माणसं घरात येणार. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून विचारा. टँकवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, झाकण उघडू नका, प्लग काढू नका.

दरम्यान आर्द्रता मोजायच्या यंत्राचं. पहिलं ११ डॉलरचं घेतलं, फोनवर आकडे दिसतात असं लिहिलेलं, आणि दिसायचेही, पण ते ब्लूटूथवर, म्हणजे मी लॉबीत उतरले की आकडे गायब. पुण्यातून काय कपाळ दिसणार. दुसरं वायफायवालं, आकडे इंटरनेटवर पाठवणाऱ्या डबीसकट (गेटवे), ४२ डॉलरला घेतलं. घेताना हे एवढं नक्की बघा. आणि यंत्र नवं असलं तरी ते खरं बोलतं असं धरू नका, मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात साधं मीठ, त्यात पाण्याचे काही थेंब, खिरीसारखं पातळ नाही, ओलसर लगदा. ते बूच आणि यंत्र हवाबंद झिपच्या पिशवीत बारा तास. आतली आर्द्रता बरोबर ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मिठाचा तो गुणच आहे. माझं यंत्र ६८ दाखवत होतं. म्हणजे मी ज्याला ८० समजत होते ते खरं ८७ होतं. नवरा म्हणाला, बघ, बाबांच्या आधी यांचीच पंचाहत्तरी झाली.

पहिली रंगीत तालीम थँक्सगिव्हिंगला. २३ ते २७ नोव्हेंबर, चार रात्री बॉस्टनला भावाकडे. जायच्या आदल्या रात्री मला घाबरायला झालं, हीटिंगचे दिवस, हवा कोरडी, चार दिवस कोणी नाही, म्हणून मी वाळूवर भरपूर पाणी शिंपडलं, मग आणखी थोडं, मग शेवाळाचा गठ्ठा भिजवून ठेवला, मग झोपायच्या आधी आणखी एक लोटा. परत आलो तर काचांवर धारा, आकडा ९३, आणि टँकच्या तळाशी काचेतून दिसणारी वाळू काळपट ओली, वास येत होता, चिंच मेली तेव्हासारखा नाही पण डबक्याचा. आणि शेंगदाणा त्या वाळूत कुठेतरी खाली. मला रडू आलं खरं सांगायचं तर. जास्तीचं पाणी वरून खाली झिरपतं आणि तळाला साठतं, तिथे कुजायला लागतं, आणि कात टाकणारा नेमका तिथेच असतो. नवऱ्याने कोपऱ्यात एक स्ट्रॉसारखी नळी हळूच खाली घातली आणि मोठ्या सिरिंजने जवळजवळ दीड कप पाणी ओढून काढलं. तीन दिवस झाकण बोटभर उघडं ठेवून वाळू पुन्हा लाडवावर आणली.

दुसरी तालीम आम्ही घरात असतानाच. २ ते ९ डिसेंबर, सात दिवस टँकला हात लावायचा नाही. फक्त बघायचं. ओवीने वहीत रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहिले. सुरुवात ८३, शेवट ७९. सात दिवसांत चार टक्के. गोड्या पाण्याचं भांडं अर्ध्या बोटाने खाली गेलं, बस. मी इतके दिवस विचार करत होते की रोज कोण पाणी घालणार, आणि मुळात रोज पाणी घालायची गरजच नव्हती. मोड यायला मटकी फडक्यात बांधतो तेव्हा ती दर तासाला भिजवतो का आपण? ओलावा आत आहे, बाहेर जायला वाट नाही, संपलं.

त्यामुळे बांचं काम अगदी कमी करून टाकलं. चार दिवसांनी एकदा, १९, २३, २७, ३१ आणि ४ तारखेला. दोन्ही भांड्यांत काठापर्यंत पाणी, जुनी पुडी काढून नवी ठेवायची, झाकण बंद. स्प्रेची बाटली मी मुद्दाम कपाटात लपवली. पाणी औषध घालून चार बाटल्यांत तयार भरून ठेवलं. एक गोष्ट मला स्वतःलाही उशिरा कळली, खाऱ्या भांड्यातलं पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून भर घालताना तिथेही गोडंच पाणी घालायचं. खारं घालत राहिलं तर दर वेळी आणखी खारट. म्हणून बांसाठी खाऱ्याची बाटलीच ठेवली नाही. दोन्ही भांड्यांत उतरायला-चढायला खडे रचले, आणि बांकडून माझ्यासमोर दोनदा करून घेतलं. घराचा थर्मोस्टॅट ६२ फॅरेनहाइटवर. ऑफिसच्या नियमाप्रमाणे ५५ च्या खाली नेता येत नाही, पाइप गोठतात, पण ५५ वर ठेवला असता तर एवढ्याशा हीट मॅटने टँक गरम राहिला नसता. गॅसचं बिल थोडं जास्त येईल म्हणून नवरा कुरकुरला. येऊ दे म्हटलं.

१५ तारखेला निघालो. पुण्यात पोचल्यावर पहिले चार दिवस मी दर तासाला फोन बघत होते, आई म्हणाली, लग्नाआधी सुद्धा एवढा फोन बघत नव्हतीस. ८२, ८१, ८२. अलार्मवाले २० तारखेला येऊन गेले, आकडा हलला नाही. मग मीही सैल झाले आणि रात्री फोन सायलेंटवर टाकायला लागले.

२४ डिसेंबरला सकाळी सात वाजता चहा घेताना बघितलं तर अलर्ट पहाटे तीन चाळीसचा. आर्द्रता ७० च्या खाली. आत्ताचा आकडा ६३. तापमान ७१ आणि उतरतंय. तिकडे २३ ची रात्र साडेआठ. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, त्या दिवशी अमेरिकेच्या अर्ध्या भागावर ती भयंकर थंडीची लाट आली होती, न्यू जर्सीत सकाळी पन्नाशीत असलेलं तापमान रात्री दहा फॅरेनहाइटच्या आसपास कोसळलं. बाहेरची हवा एकदम कोरडी, आत हीटिंग अखंड चालू, म्हणजे घरातली हवा आणखी कोरडी. पण झाकण बंद असताना एवढं पडेल कसं? काच फुटली? वीज गेली? वीज गेली असती तर वायफाय गेलं असतं आणि आकडाच दिसला नसता, हे नवऱ्याने शांतपणे सांगितलं, आणि मला त्याच्या शांतपणाचा राग आला.

बांना फोन केला, उचलेनात. पाच वेळा. त्यांच्या मुलाला केला, तो ऑफिसच्या पार्टीतून घरी येत होता, रस्त्यावर बर्फाचा थर, सव्वानऊला पोचला. बांना घेऊनच आमच्या घरात गेला आणि व्हिडिओ कॉल लावला. झाकण तीन बोटं सरकवलेलं. बा म्हणाल्या, हाँ, मैंने ही खुला रखा, काँच पे इतना भाप था, साँस कैसे लेंगे बिचारे? दुपारी आल्या तेव्हा बाहेर थंडी पडायला लागलेली, मागच्या काचेवर वाफ धरलेली, आणि त्यांना वाटलं कोंडलेत.

काय बोलणार. चूक माझी, मी दहा सूचना दिल्या पण झाकण का बंद ठेवायचं हे एकदाही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, बा, इनको मछली समझो, हवा में नहीं, भाप में साँस लेते हैं. बांनी कपाळावर हात मारला आणि झाकण लावलं. मला वाटत होतं म्हणावं, थोडं पाणीही शिंपडा, निदान एक ग्लास. नवऱ्याने बाजूने मान हलवली. बॉस्टनच्या वेळचं डबकं आठवलं आणि मी गप्प बसले. फक्त झाकणाच्या फटीवर चिकट प्लॅस्टिकची पट्टी लावायला सांगितली. आमच्याकडे त्या दिवशी आचाऱ्याशी बोलायचं होतं पंचाहत्तरीच्या जेवणाचं, मी तिथे बसून मांडीखाली फोन बघत होते. अकराला ७१. दुपारी एकला ७५. संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडे सकाळ होताना, ८० आणि तापमान ७६. एक थेंब न घालता. वाळूनेच दिलं परत.

बा नंतर प्रत्येक फेरीला मला झाकणाचा फोटो पाठवायच्या. खेकड्यांचा नाही, फक्त झाकणाचा.

८ जानेवारीला रात्री घरी पोचलो. आकडा ८१. काचेला थोडी वाफ, वाळूला वास नाही, खाऱ्या भांड्याच्या कडेला पांढरी मिठाची रेघ. बटाटा करवंटीखाली होता. मोदक आधी सापडेचना, तो शंख बदलून बसला होता, मी त्याला रिकामा शंख समजून उचलला तर चिमटा बसला. पाणी दोन्ही भांड्यांतलं पूर्ण बदललं, उरलेल्या दोन पुड्या फेकल्या. बांना बाकरवडी आणि आईने दिलेली साडी. त्यांनी चाव्या परत देताना विचारलं, तीसरा वाला जिंदा है? मी म्हटलं माहीत नाही.

खर्चाचं सांगायचं तर, टँकपासून दोन्ही यंत्रांपर्यंत, ते वाया गेलेलं ११ डॉलरचं धरून, १६९ डॉलर झाले. चार फुकटचे खेकडे.

२१ जानेवारीला शनिवारी रात्री दीडच्या सुमाराला जेटलॅग संपलेला असूनही मला जाग आली, हॉलमध्ये काचेवर काहीतरी खरवडत होतं. मोबाइलचा उजेड लांबून धरला. कोपऱ्यात वाळूला खड्डा पडला होता आणि शेंगदाणा बाहेर, सगळे पाय आहेत, रंग आधीपेक्षा गडद जांभळट, अंगाला वाळू चिकटलेली. तो माझ्याकडे न बघता सरळ खाऱ्या पाण्यात गेला आणि खड्यावर बसून चिमट्याने पाणी तोंडाशी नेत राहिला. ओवीला उठवलं. आम्ही दोघी जमिनीवर बसून बघत होतो, तिने हळूच विचारलं, आई, किती वेळ पिणार हा? मी घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं झाली होती, अजून चालूच होतं.